तिचा जयभीम

माझ्या लेकीनं मला कधी हाक मारली नाही. ती माझं मनगट धरायची, आणि तेही उजवंच. मी भाकरी थापत असेन, कपडे वाळत घालत असेन, नाहीतर फोनवर कुणाशी तावातावानं बोलत असेन, मागून यायची आणि आपली छोटीशी गरम मूठ मनगटाला आवळून ओढायला लागायची. तोंडाकडं बघायची नाही. हात पिठाचा आहे की साबणाचा, याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं. मला ओढत न्यायची आणि हव्या त्या वस्तूवर माझा पंजा नेऊन टेकवायची. माठावर टेकवला की पाणी पाहिजे. दाराच्या कडीकडं ढकलला की बाहेर जायचंय. गॅलरीच्या गजावर टेकवला की खाली उभ्या असलेल्या गाढवांना बघायचंय, उचलून घे.

त्या हातात बांगड्या घालणं मी सोडून दिलं होतं. तिच्या मुठीत काच जाईल ही भीती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लातूरहून आल्या की आधी त्या मोकळ्या हाताकडं बघायच्या. "एका हाताला बांगड्या अन् एक हात रिकामा. ह्ये कसलं सोंग म्हनायचं?" मी म्हणायची, "आत्या, तो हात माझा नाहीच, तुमच्या नातीचा हाय." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग डोळ्याला लावायच्या.

आम्ही नांदेडला राहतो. नवरा रेल्वेच्या ऑफिसात आहे. मी एका शाळेत शिकवत होते. लेक तिसऱ्या वर्षात शिरली आणि डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, तेव्हा मी ते काम सोडलं. डॉक्टर भले होते, त्यांनी आमच्यासाठी मराठी शब्दही सांगितला: स्वमग्न. मला त्या शब्दाचा असा संताप आला! गोदावरीच्या घाटावर कुणी कवी डोळे मिटून बसलाय असं वाटतं ऐकून. माझी लेक मग्न कुठं होती? कुकरची शिट्टी झाली की ती कपाळ भिंतीवर आपटून घ्यायची. एखादी गोष्ट हवी असायची आणि ती आम्हाला कळायची नाही, तेव्हा गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत रडायची. मग्न माणसाला इतका त्रास होत नाही.

तिच्यासाठी मुदखेडहून पॅसेंजर धरून एक थेरपिस्ट यायची. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, पाठीवर मोठी सॅक. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला ताई म्हणायची. ती आठवड्यातून काही दिवसच येऊ शकायची, म्हणून उरलेल्या दिवसांत तेच सगळं मी करायचं होतं. आतल्या खोलीत चटई, दार लावलेलं, टीव्ही बंद, खेळणी नजरेआड. लेक भिंतीला पाठ लावून, मी तिच्यासमोर. "असं कर" म्हणायचं आणि आपण काहीतरी करून दाखवायचं. तिनं नाही केलं तर तिचे हात धरून करवून घ्यायचं. केलं, अर्धंमुर्धं का होईना, तर त्याच क्षणी तिला आवडणारी गोष्ट द्यायची. क्षण गेला की बक्षीस वाया गेलं, असं मॅडम सांगायची.

पण आवडणारी गोष्ट म्हणजे कोणती, इथंच आमचं घोडं अडलं. फुगे झाले, चॉकलेट झालं, लाईट लागणारा बॉल झाला. बाईसाहेबांनी कशाकडं ढुंकून पाहिलं नाही. एकदा मी मॅडमसाठी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होते आणि लेक एकदम स्तब्ध झाली. मान तिरकी करून, डोळे बारीक करून ती त्या धारेकडं बघत राहिली. बोटं आपोआप हलायला लागली. मॅडम म्हणाली, "ताई, पुन्हा ओता." त्या दिवसापासून आमचं बक्षीस ठरलं: पितळी तांब्या आणि खाली परात. तेच पाणी पुन्हा तांब्यात, पुन्हा परातीत. आतल्या खोलीतल्या फरशीला कायमची ओल आली.

मॅडमनं सुरुवातीलाच मला एक गोष्ट बजावली होती. "ताई, बोलणं कधी येईल, येईल का नाही, मी आज सांगू शकत नाही. पण मागता आलं पाहिजे. काय पाहिजे ते दुसऱ्याला कळवता आलं, तर तिचं निम्मं रडणं थांबेल. नाहीतर मोठी झाल्यावर सुद्धा ती रडूनच मागेल." मी म्हणाले, मागते की, मनगट धरून नेते. मॅडमनं मान हलवली. "तिला तुम्ही नको असता, तुमचा हात पाहिजे असतो. खिळा उपटायला पक्कड घ्यावी तसा. तिनं तुमच्याकडं बघून, बोट दाखवून मागायला पाहिजे."

म्हणजे आता तिनं मनगट ओढलं की मी जायचं नाही. जागेवर थांबायचं. तिचं बोट धरून वस्तूकडं करायचं, तिनं एकदा तरी तोंडाकडं बघेपर्यंत वाट पाहायची, आणि मगच द्यायचं. लिहायला एक ओळ लागते. करताना माझा जीव जायचा. ती ओढायची, मी उभी. ती आणखी जोरानं ओढायची, मी उभी. मग ती मूठ सोडून माझ्याकडं बघायच्याऐवजी मनगटाकडंच बघायची, याला आज काय झालं म्हणून, आणि जमिनीवर अंग टाकून द्यायची. शेजारच्या बाईंनी एकदा दार वाजवून विचारलं, "पोरीला मारता का काय हो?" मी म्हणाले, "नाही, शिकवते." दार लावून घेतलं आणि मीही खाली बसून रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. माझ्या पोरीला माझ्याशी बोलायची एक रीत सापडली होती, आणि ती बरोबर नाही म्हणून मीच तिच्या हातातून काढून घेत होते.

हिवाळा असाच गेला. "असं कर" म्हणून मी टाळ्या वाजवल्या, हात वर केले, मांडीवर थापट्या मारल्या. टाळीच्या आवाजानं ती कानात बोटं घालायची. मॅडमनं एक दिवस विचारलं, "घरात ती रोज काय बघते? तुम्ही लोक सारखं काय करता?" नवरा दारात बूट घालत होता. तो हसून म्हणाला, "आम्ही? जयभीम करतो." खरंच होतं ते. दारात कुणी आलं की जयभीम, फोन उचलला की जयभीम, जिन्यात कुणी भेटलं तर जयभीम. मॅडम म्हणाली, "झालं तर मग. हात जोडायला आवाज पण होत नाही."

आणि जमलं. बरेच दिवस तिचे हात धरधरून जोडले, आणि मग एका सकाळी मी "असं कर" म्हणून हात जोडले, तर समोरचे दोन हात आपापले उठले आणि जोडले गेले. वाकडेतिकडे, डावा अंगठा आत मुडपलेला. मी ओरडणार होते, पण आवाजाला ती घाबरते हे आठवून तोंड दाबलं आणि अख्खा तांब्या परातीत रिकामा केला. ती धारेकडं बघत खुदकन हसली. मी पुन्हा म्हणाले, असं कर. पुन्हा जोडले. पायजमा भिजलेला, केस विस्कटलेले, तशाच अवतारात मी तिचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटं गेली नसतील, मामांचा व्हिडिओ कॉल आला. मामा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, मूळचे देवणीकडच्या एका खेड्यातले, आता लातूरला घर बांधून राहिलेले. घरातही स्टार्चचा पांढरा शर्ट घालणारा माणूस. त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. डॉक्टरांनी निदान सांगितल्यापासून नातीला त्यांनी उचलूनही घेतलं नव्हतं. तिच्यासाठी खाऊ आणायचे आणि तिच्यापासून लांब, स्टुलावर ठेवून द्यायचे. एकदा माझ्यादेखत मुलाला विचारलं होतं, "हिला कळतंय का काही?" तो प्रश्न मी कित्येक महिने चघळत होते. त्या सकाळी मात्र फोनमधून म्हणाले, "पुन्हा दाव." मी "असं कर" म्हणाले. तिनं हात जोडले. तिकडं मामांनी फोन कुठंतरी टेकवला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम, माय. जयभीम." फोन कलंडला, आता पडद्यावर नुसतं छत दिसत होतं, आणि त्यांचा आवाज येत होता.

मग जयंतीला लातूरला जायचं ठरलं. निघायच्या आधी मॅडमनं समजावलं, "ताई, एवढंच सांभाळा. जो 'असं कर' म्हणेल त्यानंच द्यायचं, आणि पाण्याची धारच द्यायची. बाकी कुणी हात जोडले म्हणून तिला काही देऊ नका. नाहीतर ती भलतंच शिकेल." मी मान हलवली. एप्रिल महिना, जयंतीचे दिवस, आमची लातूरची कॉलनी, आणि मी लोकांना सांगणार की पोरीनं जयभीम केला तर गप्प बसा.

पाण्याच्या धारेचं तर पहिल्याच दिवशी संपलं. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. ड्रम, घागरी, बादल्या, सगळं काठोकाठ भरून वर झाकणं. मी तांब्या आणि परात घेऊन बसले तर आत्या धावत आल्या. "काय करून राहिलीस? पानी असं खेळायला असतंय व्हय?" मी म्हणाले, परातीतच पडतंय, वाया जात नाही. त्या म्हणाल्या, "डोळ्याला बगवत न्हाई, बाई." त्या घरात पाण्यासाठी पहाटे उठून नंबर लावण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्याशी कोणत्या तोंडानं वाद घालणार? मी परात भिंतीला टेकवून ठेवली.

आणि मामांनी नातीला उचललं. सकाळ-संध्याकाळ ते तिला कडेवर घेऊन कॉलनीत फिरायला लागले. कुणीही दारात दिसलं की थांबायचं, "असं कर" वगैरे काही नाही, समोरच्यानं नुसतं "जयभीम" म्हटलं की हिचे हात जुळायचे. मग काय! कुणी बिस्किट दिलं, कुणी कुल्फी, कुणी कडेवर घेऊन गरगर फिरवलं, कुणी दारातला पाईप सोडून हातावर पाणी घातलं, ज्या पाण्याला आत्या जपत होत्या ते. पोरीच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पुढं पुढं तर समोरच्यानं बोलायच्या आतच ती हात जोडायला लागली. त्या बंद खोलीत ती इतकं भराभर कधीच शिकली नव्हती. सगळा हिवाळा मी घसा कोरडा केला आणि कॉलनीनं चार-सहा दिवसांत बाजी मारली, म्हणून मला चक्क हेवा वाटला.

मी मामांना भीत भीत म्हणाले, "मामा, मॅडमनं सांगितलंय, हात जोडल्यावर तिला लगेच काहीबाही देऊ नका." ते माझ्याकडं बघतच राहिले. "लेकरानं जयभीम केला अन् मी हात आखडता घिऊ? कामून?" मी विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर मला बोलायचंही नव्हतं. त्या कॉलनीत माझ्या पोरीकडं बघून कुणीही जीभ चुकचुकत नव्हतं, आणि मी सुखात होते.

जयंतीच्या दिवशी मिरवणुकीचा डीजे गल्लीच्या तोंडाशी आला तशी ती थरथरायला लागली. मी तिला मागच्या खोलीत नेलं. थोड्या वेळानं मामा आत आले. पांढरा शर्ट, गळ्यात निळा रुमाल, मिरवणुकीला निघालेला माणूस. आयुष्यात त्यांनी ती मिरवणूक कधी चुकवली नव्हती. त्यांनी दार लावून घेतलं, तिच्या कानात कापसाचे बोळे घातले, तिला मांडीवर घेतलं आणि मिरवणूक पार लांब जाईपर्यंत तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवून बसले. मला म्हणाले, "तू जा, बगून ये." मी गेले नाही. दाराबाहेर उभी राहिले.

नांदेडला परत आल्यावर पहिले काही दिवस मला काही कळलंच नाही. मी आपली खुशीत. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात जोडून उभी राहायची. मी म्हणायची, "जयभीम बाई, या, बसा." ती तिथंच. मी भाकरी टाकायची, भाजी हलवायची, वळून बघायची, तर ती तशीच हात जोडून उभी. मग रडं सुरू व्हायचं. पाणी दिलं तर पेला उडवला. बिस्किट दिलं तर भिरकावलं. कडेवर घेतलं तर अंग ताठ केलं. मी माझ्या रिकाम्या मनगटाकडं बघितलं. लातूरहून आल्यापासून तिनं ते एकदाही धरलं नव्हतं.

आता तिला सगळ्याला एकच उत्तर सापडलं होतं. तहान लागली की हात जोडायचे. बाहेर जायचंय, हात जोडायचे. पोट दुखतंय, डास चावलाय, टीव्हीचा आवाज नको आहे, हात जोडायचे. वस्तूजवळही जायची नाही, जिथं असेल तिथंच उभी राहून जोडायची. पूर्वी निदान माठ कुठं, कडी कुठं हे तिची मूठ मला सांगायची. एकदा कुकर शिट्टीला आला तेव्हा तिनं कुकरला हात जोडले. एक दिवस न्हाणीघरात डोकावले, तर बंद नळासमोर उभी राहून तिनं हात जोडले होते, डावा अंगठा आत मुडपून, आणि पाणी येईल म्हणून मान तिरकी करून वाट बघत होती. मी नळ सोडला. काय करणार होते दुसरं?

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, चिडली नाही. म्हणाली, "ताई, यात कुणाचं चुकलं नाही. हात जोडले की मिळतं, हे तिला पटलंय. आता ते मिळणं बंद करावं लागेल. ती हात जोडेल तेव्हा उत्तर द्यायचं नाही, तिच्याकडं बघायचंही नाही. घरातल्या कुणीच नाही. एकानं जरी दिलं तरी ती आणखी जोरानं करेल." मी विचारलं, "अन् मग? ती पुन्हा मनगट धरेल?" मॅडम म्हणाली, "खोटं सांगणार नाही ताई, माहीत नाही. तो मार्ग आपणच बंद करत आणला होता." एवढं बोलून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचाही मला राग आला आणि तो तिनं काढू नये असंही वाटलं.

मामांना हे सांगायचं काम नवऱ्याचं होतं. "सांगतो, सांगतो" करत त्यानं दिवस ढकलले. बापाला असलं काही फोनवर सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. त्यामुळं मे महिन्यात मामा एसटीनं नांदेडला आले ते खुशीत आले. हातात नातीसाठी पांढरा झगा. मॅडम त्या दिवशी घरीच होती. लेक आतून आली, मामांना बघून थबकली आणि तिनं हात जोडले. मामांनी पिशवी खाली ठेवली, त्यांचेही हात उठले, आणि मी मध्येच ओरडले, "मामा, नका! उत्तर नका देऊ."

मॅडमनं त्यांना नीट, सावकाश सांगितलं. ते ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाव, तुमचं खोटं असनार न्हाई. पन माझं एक आयका. माझा बाप गावात जोहार घालायचा. वाकून, भुईकडं बगून. त्या जोहाराला कुनी उत्तर देत नसतंय. बाप वाकलेला अन् पुढचा मानूस पान खात निघून गेला, ह्ये म्या लहान असताना ह्या डोळ्यांनी बगितलंय. जयभीम तसा नसतोय. जयभीम घालनारा एक अन् घेनारा एक, दोगं बरोबरीचे. म्या आजवर कुनाचा जयभीम परत धाडला न्हाई. दुश्मनाचा बी न्हाई." आणि मग म्हणाले, "पन लेकराच्या भल्याचं हाय म्हनता. करतो."

ते खुर्चीवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि समोरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. लेक त्यांच्यापुढं हात जोडून उभी. थोडा वेळ गेला. ती सरकून कॅलेंडरच्या खाली जाऊन उभी राहिली, त्यांच्या नजरेसमोर. मामांनी मान खिडकीकडं वळवली. ती खिडकीपाशी गेली. त्यांनी पंख्याकडं बघितलं, तर तिनं त्यांच्या गुडघ्याला टेकून मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. तोंडाकडं! सगळा हिवाळा ज्या एका नजरेसाठी मी तिच्यासमोर बसले होते, ती नजर ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होती. मी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनंही ते पाहिलं होतं आणि तिलाही काय करावं कळत नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

मामांचे हात मांड्यांखालून सुटले. "जयभीम माय, जयभीम, जयभीम," म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं. स्टार्चच्या शर्टावर डोळ्यातलं पाणी पडत होतं आणि ते पुसतही नव्हते. तिला तसं धरलेलं आवडत नाही. ती सुटायला धडपडली, सुटली, आणि पुन्हा समोर उभी राहून तिनं हात जोडले. तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. काय हवं होतं ते आम्हाला तिघांनाही कळलं नाही.

जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. दारात चपला घालताना मला म्हणाले, "तुमचं तुमी करा. बरोबरच करत असाल. पन माझ्याच्यानं ह्ये व्हायचं न्हाई. तिचं ह्ये सुटंपतूर म्या येत न्हाई." तेव्हापासून ते आलेले नाहीत. मुलाला फोन करतात, नातीची चौकशी करतात, पण व्हिडिओ कॉल घेत नाहीत. आत्या सांगतात की कॉलनीतले लोक विचारतात, पोरगी कुठंय, पुन्हा कधी आणणार.

आम्ही मात्र मॅडमनं सांगितलं तसं करत राहिलो. परवाची दुपार. लाईट गेलेली, दारंखिडक्या उघडूनही वाऱ्याचं नाव नाही. मी ताटात तुरीची डाळ घेऊन निवडत बसले होते. ती आली आणि हात जोडून समोर उभी राहिली. मी डाळीत मान घातली. ती सरकून माझ्या डाव्या बाजूला आली. मी उजवीकडं वळले. ती उजवीकडं आली. तिचा चेहरा लाल झालेला, ओठ सुकलेले, पण ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. रडल्यावर काय करायचं ते मला मॅडमनं शिकवलं होतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. पाणी पुढं केलं, तिनं तोंड फिरवलं. परातीत धार धरली, बघितली नाही. दार उघडलं, गेली नाही. झग्याची बटणं काढली, पोट दाबून पाहिलं, कानात बघितलं, पायाला काही टोचलंय का बघितलं, वर्तमानपत्रानं वारा घातला. मी एकेक करत गेले आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा माझ्यासमोर येऊन हात जोडत गेली. शेवटी मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसले आणि माझं उजवं मनगट तिच्या हातापाशी नेलं. म्हणाले, "घे माय. ओढ. कुठं न्यायचं तिथं ने मला, मी येते. मॅडम काही म्हणू दे. ओढ."

तिनं मनगट धरलं. तिची गरम मूठ इतक्या दिवसांनी तिथं आली. मग तिनं ते उचललं, मी मघाशी ज्या ताटात डाळ निवडत होते त्या ताटात माझा हात परत नेऊन ठेवला, आणि एक पाऊल मागं सरून पुन्हा हात जोडले. डावा अंगठा आत मुडपलेला. हात तिला नको होता. नजर सरळ माझ्या तोंडावर.

मी हात जोडून म्हणाले, "जयभीम."

ती वाट बघत उभीच राहिली.